लष्करच्या मुलुखातला निर्माता
ग्वाल्हेरचा लष्कर भाग म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेला मुलूख. आणि याच ग्वाल्हेरात जन्मलेले अभिनेते शरद केळकर यांनी, ‘लय भारी’ (२०१४) मधील खलनायकामुळे व ‘बाहुबली’च्या हिंदी आवृत्तीत प्रभासला दिलेल्या आवाजामुळे लौकिक संपादन केल्यावर, निर्मितीसाठी मात्र ‘इडक’ हा छोटेखानी मराठी चित्रपट निवडला. दीपक गावडे दिग्दर्शित या कथेचा भार संदीप पाठक आणि एका बोकडावर आहे. नटाने आपली पुंजी अशा विषयात गुंतवावी, हे आमच्या मते भूमिका करण्याहून अवघड. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली कान महोत्सवाच्या चित्रपट-बाजारासाठी निवडलेल्या तीन मराठी चित्रपटांत ‘पळशीची पीटी’ व ‘क्षितिज’ यांच्यासमवेत ‘इडक’ होता.