गॅसची टाकी घेताना 'बी-२७' वाचलं का?

गॅसची गाडी आली की आपण सील बघतो, पैसे देतो आणि टाकी आत घेतो. वरच्या कड्याला धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्यांवर काय लिहिलंय, ते सहसा कुणी वाचत नाही.

पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. 'बी-२७' असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी जून २०२७ पर्यंत व्हायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर याला गॅसची एक्सपायरी म्हणतात, ते खरं नाही. गॅस खराब होत नाही, तारीख लोखंडी टाकीच्या तपासणीची आहे. ती उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नका, बदलून मागा.

दुसरा आकडा रिकाम्या टाकीच्या वजनाचा. समजा १५.३ किलो लिहिलंय. घरगुती टाकीत गॅस १४.२ किलो, म्हणजे काट्यावर २९.५ भरायला हवेत. वजन करून मागायला लाजू नका, तो आपला हक्क आहे.

इंडेन इंडियन ऑइलचा, भारतगॅस भारत पेट्रोलियमचा, एचपी हिंदुस्थान पेट्रोलियमचा. नावं तीन, पण आत तोच प्रोपेन-ब्युटेन. त्याला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाईटच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करा.