चार सेकंदांचं रेडियम

कोल्हापूरच्या शाहूपुरीत रेडियमच्या एका दुकानात मी गाडीची नंबरप्लेट करून घ्यायला गेले होते. टेम्पोच्या काचेवर लावायचं ‘चांगभलं’ कापून भिंतीला टेकवलं होतं आणि त्याच्याखाली रद्दीच्या कागदावर रेसिंग कारचं नाक ठेवलं होतं. फायबरचं, पांढरं, हात-दीड हात लांब. त्यावर सहा नावं. शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री, एक सराफ, एक हाडांचं हॉस्पिटल, एक पशुखाद्य आणि मला न लागलेली आणखी दोन.

“हे कुठं निघालंय?”

“कोईमतूरला. नॅशनलची रेस हाय.”

कोल्हापूरच्या हाडांच्या हॉस्पिटलाला कोईमतूरात कोण पेशंट मिळणार, मला कळेना. दुकानदारांनी कटरवरची नजर न काढता सांगितलं, “पोराच्या वडलांची दोस्तमंडळी हैत सगळी.”

या वाक्यासाठी मी कोईमतूर गाठलं. दुकानदारांना सगळे मामा म्हणतात. ते टीमच्या ट्रकमधून, नाकासकट, आधीच पोचले होते.

करी मोटर स्पीडवे शहराबाहेर चेट्टीपाळयमला आहे. जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक. एस. करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती नावाची, परवडेल अशी रेसिंग कार बनवली आणि दक्षिणेतल्या कितीतरी पोरांना या नादाला लावलं. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. ट्रॅकला त्यांचंच नाव. बाकी इथं सगळ्याला कंपन्यांची नावं. स्पर्धा जेके टायरची. पोरगा ज्या गटात धावतो तो एलजीबी फॉर्म्युला ४, म्हणजे दुचाकीच्या चेन बनवणाऱ्या कोईमतूरच्या कंपनीचा. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर गेलात तर तिथं एमआरएफ. भारतात मोटर रेसिंग टायरवाल्यांनी आणि चेनवाल्यांनी पोसली, हे मान्य करायलाच हवं. कॅमेरे येतील की नाही याची वाट न बघता त्यांनी वर्षानुवर्षं पैसे घातले.

मामांचं काम पहाटे सुरू होतं, कारण नंतर वारा उठतो. पालघाटच्या खिंडीतून येणारा हा वारा पवनचक्क्यांना चांगला, रेडियमला वाईट. धुळीचा एक कण खाली राहिला तरी तिथं पुटकुळी येते आणि ताशी दीडशेच्या वेगात हवा तिथूनच आत शिरते. मामा पॅनल थिनरनं पुसतात. मग फवाऱ्याच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात शाम्पूची एक पुडी फोडतात आणि ते पाणी मारतात. ओल्या पॅनलवर नाव सरकवता येतं, जागेवर बसलं की रबराच्या पट्टीनं मधून कडेला पाणी हाकलायचं, राहिलेले बुडबुडे सुईनं फोडायचे, वरून हेअर ड्रायर. रेसिंग म्हटल्यावर पेट्रोल आणि जळक्या रबराचा वास येणार हे गृहीत होतं, तो होताच. पण त्या गॅरेजचा म्हणून जो वास माझ्या नाकात बसलाय तो त्या शाम्पूचा. गरम रेडियममध्ये मिसळलेला, गोडसर, न्हाव्याच्या दुकानात येतो तसा.

कुठलं नाव कुठं लावायचं याचा कागद आयोजकांकडून येतो. नाकाचा पुढचा भाग, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजू, नंबरचा चौकोन, या जागा राखीव. ती नावं नसली तर तपासणीतच गाडी अडते. उरलेल्या जागेत दोस्तमंडळी. मामांनी मला गाडीभोवती फिरवून जागांचे भाव सांगितले, जणू प्लॉट दाखवताहेत. कॅमेरे असतात त्या अंगाची बाजू महाग. चाकाच्या मागची जागा फुकट, तिथं काळ्या टायरपुढं काही दिसत नाही. आणि बारीक अक्षर कुठंच लावायचं नाही.

“मागच्या खेपेला यूट्यूबवर अख्खी रेस परत बघितली,” मामा म्हणाले. “हातात मोबाईलचं घड्याळ. म्हटलं, आपलं नाव वाचता यील असं किती दिसतंय ते मोजू या. ताई, चार सेकंद.”

चार सेकंद?

“चार. त्यातले दोन गाडी मातीत गेली तवा.”

मामांनी गंमत म्हणून जे मोजलं तो जगात चांगला चालणारा धंदा आहे. अमेरिकेत नॅस्कारच्या शर्यतींत कुठलं नाव पडद्यावर किती वेळ वाचता आलं, हे जॉइस ज्युलियस नावाची कंपनी १९८० च्या दशकापासून मोजत आली. तितक्या वेळाची जाहिरात विकत घ्यायला किती पडलं असतं, तो त्या सेकंदांचा भाव. कंपनीला रेस कोण जिंकलं याच्याशी फार देणंघेणं नसतं; गाडी पुढं असली की कॅमेरा तिच्यावर राहतो, एवढाच जिंकण्याचा उपयोग. ब्रिटनमध्ये टीव्हीवर सिगारेटच्या जाहिरातींना १९६५ मध्ये बंदी आली. तीनच वर्षांनी लोटसची फॉर्म्युला वन गाडी गोल्ड लीफच्या पाकिटाच्या लाल, पांढऱ्या, सोनेरी रंगात उतरली आणि पुढं कित्येक वर्षं सिगारेटची पाकिटंच ताशी तीनशेनं टीव्हीवर धावत राहिली. युरोपीय संघानं २००५ मध्ये ते दार लावलं, तोवर पैसा मिळायचा तेवढा मिळून गेला होता. उलटंही झालं. १९७६ मध्ये सर्टीस टीमच्या गाडीवर ड्युरेक्स कंडोमचं नाव झळकलं, तर बीबीसीनं रेस दाखवायलाच नकार दिला. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते पट्टी हातात धरून बराच वेळ हसत होते. “म्हंजे एका स्टिकरनं समद्यांचे सेकंद घालवले!”

पोराचे वडील गॅरेजच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होते. बोलायला मोकळा माणूस. प्रवेश फी, टायर, मेकॅनिकांचे पगार, ट्रकचं डिझेल, हॉटेल हे सगळं त्यांच्या फोनमध्ये लिहिलेलं. बेरीज मात्र त्यांनी मला दाखवली नाही, आणि बायकोलाही दाखवत नाही म्हणाले. नाकावरच्या सहांपैकी चौघांनी पैसे दिलेत, दोघांची नावं नुसती शोभेला. रिकामी गाडी गरीब दिसते आणि गरीब दिसणाऱ्या गाडीला प्रायोजक मिळत नाही, हे त्यांचं गणित. “मी आहे की प्रायोजक,” ते म्हणाले, “फक्त माझं नाव कुठं लावत नाहीत.”

या धंद्यात हे नवं नाही. निकी लाउडानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बँकेचं कर्ज काढून मार्च टीममधली जागा विकत घेतली, घरच्या श्रीमंतांनी हात वर केले होते म्हणून. पुढं तो तीनदा जगज्जेता झाला, त्यामुळं त्याचं कर्ज गोष्ट म्हणून सांगितलं जातं. ज्यांची कर्जं नुसती कर्जंच राहिली त्यांची नावं कुणाला ठाऊक असणार? आपला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डन टीमच्या गाडीत बसला तो अंगी वेग होता म्हणून, पण मागे टाटा नसते तर त्या वेगाला गाडी मिळाली असती असं मला वाटत नाही.

वडिलांची सगळी आशा टीव्हीवर. “क्रिकेटसारखं एकदा नीट दाखवायला लागले की बघा, खर्च आपोआप निघेल.” हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर दोनतीन वेगवेगळ्या लोकांना ऐकवलं. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीचा दाखलाही दिला: बंदी उठली, पोरांनी यूट्यूबवर थेट दाखवायला सुरुवात केली, आणि आता बक्षिसाला थार गाड्या लागतात. दाखला खरा आहे. पण शर्यतीच्या बैलाची किंमत त्यानंतर कुठं गेली, तेही त्यांनी सांगायला हवं होतं. शेजारच्या गावातला शेतकरी आता बैल बघायला जातो, घ्यायला जात नाही.

शनिवारच्या रेसमध्ये पहिल्याच लॅपला दुसऱ्या वळणावर तीन गाड्या एकमेकींत घुसल्या. पोरगा धड होता, त्याची गाडी नाकाशिवाय परत आली. पुढचं सस्पेन्शन वाकलेलं. मेकॅनिकांनी तिला स्टँडवर चढवलं आणि बोलणं बंद झालं, नुसते पान्यांचे आवाज. ट्रकमधून राखीव नाक निघालं, कोरं पांढरं. तासाभरानं पुन्हा तपासणी आणि पुढची रेस.

मामांनी नाक मांडीवर घेतलं. वारा पुरता सुटला होता, म्हणून दोघा पोरांना ताडपत्री धरून उभं केलं. आधी आयोजकांची नावं, कारण त्यांच्याशिवाय गाडी सुटणार नाही. घाईत ड्रायर जास्त वेळ एकाच जागी राहिला आणि रेडियम तेलात सोडलेल्या पापडासारखं फुगलं. मामांनी ते नखानं उचलून ओढून काढलं, चुरगळून खिशात टाकलं, दुसरं घेतलं. शाम्पूचं पाणी त्यांच्या पँटवर ओघळत होतं. मधली भांगलण करायला, म्हणजे अक्षरांच्या पोटातलं नको असलेलं रेडियम उपटायला, वेळच नव्हता. त्यांनी ‘ए’ आणि ‘ओ’ तसेच भरलेले लावले. वडील मागे उभे. मैदानावरून गाड्यांना बोलावणं आलं तेव्हा दोस्तांपैकी एकालाच जागा मिळणार होती.

“कुणाचं लावू?” मामांनी वर न बघता विचारलं.

वडिलांनी क्षणभर विचार केला. “फौंड्रीचं लावा. हॉस्पिटल घरचंच आहे.”

पोरगा शेवटून दुसरा आला. यूट्यूबच्या प्रक्षेपणात पुढच्या चार गाड्यांची झुंज चालली होती आणि कॅमेऱ्यानं तिथून मान वळवली नाही, ते योग्यही होतं. संध्याकाळी मामा मोबाईल घेऊन बसले. या खेपेला चार सेकंदसुद्धा भरले नाहीत.

आता टीव्ही आल्यावर काय होतं, ते बघायला फॉर्म्युला वनकडे पाहावं. १९८१ च्या कॉन्कॉर्ड करारानं टीमना प्रत्येक रेसला यायला बांधून घेतलं. गाड्या नक्की येणार म्हटल्यावर चॅनेलवाल्यांना हक्क विकता आले आणि बर्नी एकलस्टननं ते विकले. पैसा आला. पण त्या पैशानं एकाही टीमला सुखानं बसू दिलं नाही; जेवढं येईल तेवढं विंड टनेलमध्ये आणि इंजिनीअरांच्या पगारात गेलं, कारण शेजारच्या टीमनंही तेच केलं होतं. २००८ च्या मंदीत होंडा बाहेर पडली, पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यू आणि टोयोटा. या कंपन्यांना परवडेना तिथं बाकीच्यांचं काय? टीव्ही तर तेव्हा सगळ्या जगात होता. आपल्याकडं ग्रेटर नोएडाला २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं एअरटेलच्या नावानं ग्रांप्री झाली, तिन्ही सेबॅस्टियन फेटेलनं जिंकल्या. सरकारनं तिला खेळ न मानता करमणूक मानलं, कराचे वाद झाले, रेस गेली. ट्रॅक बांधणारा जेपी समूह कर्जात बुडाला. त्या तिन्ही वर्षी कॅमेरे काही कमी नव्हते.

लिबर्टी मीडियानं २०१७ मध्ये फॉर्म्युला वन ताब्यात घेतल्यावर दुसऱ्या वर्षी शर्यतींची वेळ दहा मिनिटांनी पुढं ढकलली, म्हणजे चॅनेल तासाच्या ठोक्याला सुरू झालं तरी सुरुवात चुकू नये. भारतात युरोपातल्या बहुतेक रेस संध्याकाळी सहा चाळीसला दिसू लागल्या. दहा मिनिटांचा निर्णय पटकन झाला. खर्चाला मर्यादा घालायला मात्र २०२१ उजाडावं लागलं: टीममागे त्या वर्षाला १४.५ कोटी डॉलर, त्यातही ड्रायव्हरचा पगार आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. पहिल्याच वर्षी रेड बुलनं मर्यादा ओलांडली आणि ७० लाख डॉलर दंड भरला. १९८१ ते २०२१. पैसा आल्यापासून लगाम लागेपर्यंत चाळीस वर्षं.

कोईमतूरला तो लगाम आत्ताच आहे, कुणी त्याला तसं म्हणत नाही एवढंच. एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये सगळ्यांना मारुतीचं तेच १३०० सीसीचं इंजिन, सगळ्यांना तेच टायर. म्हणून तर एक फौंड्री आणि एक हाडांचं हॉस्पिटल मिळून पोराला ट्रॅकवर उतरवू शकतात. उद्या कॅमेरे वाढले, चाराचे चाळीस सेकंद झाले, की मोठा प्रायोजक आणणारी टीम पहिली मागणी हीच करेल की नियम सैल करा, आम्हाला आमचं इंजिन लावू द्या. गाडी वेगळी दिसायला हवी ना. माझं म्हणणं एवढंच की ही मागणी यायच्या आधी इंजिन, टायर आणि वर्षाचा एकूण खर्च, तिन्हींची मर्यादा कागदावर पक्की करून घ्यावी. कॅमेरे मागून आले तरी चालतील.