किल्ली हरवली की नावही गेले

इथेरियम या ब्लॉकचेनवरचा, म्हणजे सामायिक डिजिटल नोंदवहीवरचा, खातेपत्ता म्हणजे शून्य-एक्सने सुरू होणारी ४२ अक्षर-अंकांची माळ. ती लक्षात राहत नाही, फोनवर सांगताही येत नाही. म्हणून मे २०१७ मध्ये इथेरियम नेम सर्व्हिस, थोडक्यात ईएनएस, सुरू झाली. माळेऐवजी '.इटीएच'ने संपणारे एक नाव नोंदवायचे. पैसे पाठवणारा ते नाव टाकतो आणि रक्कम तुमच्या पत्त्यावर येते.

नाव देवनागरीतही घेता येते. पाच किंवा त्याहून जास्त वर्णांच्या नावाचे भाडे वर्षाला ५ डॉलर, चार वर्णांचे १६०, तीन वर्णांचे ६४०. व्यवहार शुल्क निराळे. यंत्र काना, मात्रा, अनुस्वार स्वतंत्र मोजते. त्यामुळे आपल्याला तीन अक्षरी वाटणारे 'जालना' तिथे पाच वर्णांचे भरते आणि स्वस्तात बसते.

पण हे नाव कोणाचे? जो आधी नोंदवेल त्याचे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या नावावर इथल्या बागायतदारांचा कायदेशीर हक्क आहे. ईएनएसच्या प्रोग्रामला मात्र मानांकन कळत नाही. परदेशात बसलेला कोणी 'जालनामोसंबी' नोंदवून भाडे भरत राहिला, तर प्रोग्रामच्या लेखी मालक तोच.

सातबाऱ्यावर चूक झाली तर तलाठ्याकडे जाता येते, तहसीलदाराकडे दाद मागता येते. खातेदार वारला तर वारसनोंद होते. इथे तलाठी नाही आणि तहसीलही नाही. मालकी म्हणजे फक्त गुप्त किल्ली, जी बहुधा १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या रूपात लिहून ठेवतात. ते शब्द ज्याच्या हाती, नाव त्याचे. चोरले तर परत मिळवून देणारा कोणी नाही. हरवले तर भाडे दुसरा कोणीही भरू शकतो, पण नावामागचा पत्ता बदलता येत नाही. घरातल्या कर्त्या माणसाने हे शब्द कोणालाच सांगितले नसतील, तर न्यायालयाचा वारस दाखलासुद्धा ते कुलूप उघडू शकत नाही. 'कायमची मालकी' म्हणून या नावांची जाहिरात करणारे नेमके हेच सांगत नाहीत, आणि ते सांगितलेच पाहिजे असे मला वाटते.

कायमची म्हणावी तर तीही नाही. मुदत संपल्यावर ९० दिवसांची सवलत मिळते. नंतर नाव खुले होते, पण त्यावर प्रचंड जादा रक्कम लागते. ती रोज निम्मी होत २१ दिवसांत संपते आणि मग ते कोणालाही नेहमीच्या दरात घेता येते.

नाव विकून नफा झाला तर एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेवर ३० टक्के प्राप्तिकर आहे. दुकानाचे किंवा स्वतःचे खरे नाव पत्त्याला जोडण्याआधी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: इथेरियमवरचा प्रत्येक व्यवहार उघडा असतो. नाव कळले की त्या पत्त्यावर किती शिल्लक आहे, कोणाला काय पाठवले, हे गल्लीतला शेजारीही पाहू शकतो.