संगणक-जाळ्याच्या कारागिरानें कोणती शाखा निवडावी?

वैद्यकांत जसे डोळ्यांचे, हाडांचे आणि हृदयाचे वैद्य निरनिराळे झाले, तसेंच संगणकांच्या जाळ्यांच्या, म्हणजे नेटवर्कच्या, धंद्यांतहि झालें आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वसाधारण लोकांस खुलें केलें, त्या सुमारास बहुतेक कचेऱ्यांतून एकच गृहस्थ तारा ओढी, स्विच बसवी, राउटर जुळवी आणि वेळ पडल्यास टेलिफोनहि पाही. आज मार्गनिर्णयाचा जाणता निराळा, बिनतारी जाळ्याचा निराळा, संरक्षणाचा निराळा आणि दूरच्या भाड्याच्या संगणकांचा, ज्यांस क्लाउड म्हणतात त्यांचा, निराळा. त्यामुळें पहिली परीक्षा उतरलेल्या तरुणास लागलीच प्रश्न पडतो कीं, आपण प्रावीण्य मिळवावें तें कशांत? बहुधा ह्याचें उत्तर शिकवणीच्या वर्गाची पाटी देते. पाटीवर जी शाखा मोठ्या अक्षरांत, तीच उत्तम असें धरून चालतात, आणि फीसाठीं घरांत कर्ज निघतें. म्हणून हा विचार फी भरण्यापूर्वींच व्हावयास हवा.

ह्या धंद्याचा इतिहास लहान असला तरी बोलका आहे. १९९० च्या दशकांत नॉव्हेल कंपनीच्या नेटवेअरची परीक्षा उतरणें मोठ्या मानाचें समजलें जाई. त्या जाळ्याची बोलीहि स्वतंत्र होती. पुढें इंटरनेटची टीसीपी-आयपी ही बोली, जी अर्पानेट ह्या अमेरिकन जाळ्यानें १ जानेवारी १९८३ रोजीं पत्करली होती, ती सर्वत्र पसरली आणि नेटवेअर मागें पडलें. कोणत्या पडद्यावर कोणती कळ दाबावयाची एवढेंच ज्यांनीं पाठ केलें होतें, त्यांचें ज्ञान पडद्याबरोबरच गेलें. पत्ता कशासाठीं लागतो, संदेशाचे तुकडे कसे होतात, हरवलेला तुकडा पुन्हां कसा मागवितात, हें ज्यांस समजलें होतें त्यांस नव्या घरांत फारसें अवघडलें नाहीं. एटीएम नांवाच्या तंत्राचेंहि असेंच झालें. (बँकेच्या यंत्राशीं त्याचें नातें नांवापुरतेंच.) आवाज आणि मजकूर एकाच वाटेनें नेणारें म्हणून त्याचा फार गाजावाजा झाला, पण १९७३ मध्यें झेरॉक्सच्या प्रयोगशाळेंत जन्मलेल्या साध्यासुध्या इथरनेटनें त्यास कचेऱ्यांतून हुसकावलें. उलट, १९८९ मध्यें याकोव्ह रेख्टर व कर्क लॉहीड ह्यांनीं जेवणाच्या वेळीं हात पुसण्याच्या कागदांवर जिचा आराखडा काढला, त्या बीजीपी पद्धतीनेंच आजहि मोठमोठीं जाळीं एकमेकांस वाटा सांगतात. सिस्को कंपनीनें आपल्या आरंभींच्या परीक्षांच्या बहुतेक शाखा फेब्रुवारी २०२० मध्यें मोडून त्यांजागीं एकच परीक्षा ठेवली. त्यांत विक्रेत्याचा हिशेब असेलच. तरी पाया एक असावा आणि फांद्या मागाहून फुटाव्या, हा क्रम रास्त आहे.

पाया झाल्यावर शाखा कशी ओळखावी? पगाराचे आंकडे येथें फारसे उपयोगी नाहींत, कारण ते वर्षांगणिक बदलतात. प्रत्येक शाखेचा बिघाड मात्र आपापल्या स्वभावाचा असतो, आणि कारागिराला दिवस काढावयाचे असतात ते त्या बिघाडाबरोबर.

मार्गनिर्णयाच्या शाखेंत मोठी चूक क्वचित् होते, पण झाली म्हणजे दूरवर पोंचते. २४ फेब्रुवारी २००८ रोजीं पाकिस्तानांत सरकारी हुकुमावरून यूट्यूब बंद करावयाचें होतें. तेथील टेलिफोन कंपनीनें यूट्यूबची जी खोटी वाट आपल्या जाळ्यापुरती ठेवावयाची, ती बाहेरहि कळविली गेली, आणि तिला जोडणाऱ्या हाँगकाँगच्या कंपनीनें ती न पडताळतां पुढें धाडली. राउटर अधिक नेमक्या पत्त्यास प्राधान्य देतात आणि ही वाट तशी होती. त्यामुळें सुमारें दोन तास जगाच्या बऱ्याच भागांतून यूट्यूब दिसेनासें झालें. ४ ऑक्टोबर २०२१ रोजीं फेसबुकचें अंतर्गत जाळें देखभालीच्या एका आज्ञेनें तुटलें. दुरुस्तीचीं साधनेंहि त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यानें खोळंबा सुमारें सहा तास चालला. आज्ञा देण्यापूर्वीं परतीची वाट मोकळी ठेवण्याची ज्याला संवय आहे, रात्रीं दोन वाजतां जो लिहून ठेवलेल्या क्रमापलीकडे बोट हलवीत नाहीं, त्यानें ही शाखा धरावी. हुशारीचा तोरा मिरविणाऱ्यास ती मानवत नाहीं.

बिनतारी जाळ्याच्या कारागिराचा शत्रु भिंत. सिमेंट-लोखंडाची लादी, पाण्याची टांकी, स्वयंपाकाची मायक्रोवेव्ह भट्टी, सर्व त्याच्या लहरी अडवितात किंवा गढूळ करतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या प्रायः तीनच, १, ६ आणि ११. तेव्हां शेजारच्या दुकानदाराचें वायफाय कोणत्या वाहिनीवर आहे हेंहि पाहावें लागतें. हें काम मोजणीचें यंत्र हातांत घेऊन जिने चढण्याचें आहे. ज्याला खुर्ची सोडवत नाहीं, त्यानें त्या वाटेस जाऊं नये.

संरक्षणाच्या शाखेची ओढ तरुणांस सर्वाधिक, आणि चित्रपटांनीं तिचें रूपहि सर्वाधिक बिघडविलें आहे. तेथील दिवस बहुतांशीं नोंदी वाचण्यांत आणि कोणास कोणती परवानगी असावी ह्या वादांत जातो. शिवाय रोजची रहदारी कशी असते हें ज्यानें पाहिलें नाहीं, त्याला चोराची चाल ओळखूं येत नाहीं. म्हणून एक-दोन वर्षें साधें जाळें सांभाळून मग तेथें जाणें हिताचें. पायथन भाषेंत लहानसहान आज्ञावली लिहिण्यास मात्र निराळी शाखा मानूं नये. तें आतां हस्ताक्षरासारखें सर्वांनाच यावयास हवें.

फी भरण्यापूर्वीं एक प्रयोग घरबसल्या करतां येतो. जेराल्ड कोम्ब्स ह्यांनीं १९९८ मध्यें प्रथम प्रसिद्ध केलेलें, हल्लीं वायरशार्क नांवाचें साधन विनामूल्य मिळतें. तें आपल्याच संगणकावर चालू करून एखादें संकेतस्थळ उघडावें. प्रथम नांवाचा पत्ता विचारला जातो, मग बहुधा दोन्ही बाजूंची तीन पायऱ्यांची सलामी होते, आणि मग मजकूर वाहूं लागतो. मजकूर बहुतेक कुलुपबंदच असतो; पण पाकिटावरचे पत्ते वाचतां येतात. पहिल्या संध्याकाळीं त्या शेंकडों ओळींतून कांहींच उलगडत नाहीं. दुसऱ्या संध्याकाळीं तो पुन्हां तेथें बसतो कीं नाहीं, हें घरच्यांनीं पाहावें.