पत्रिकेची फाइल कोणाची?

लग्नपत्रिका छापायला नेली की छापखान्यात पहिला प्रश्न येतो, "फाइल कोरलमध्ये आहे ना? कर्व्हज केलीय ना?" कर्व्हज म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर. सॉफ्टवेअर निवडताना काय पाहायचं, ते या प्रश्नातूनच उलगडत जातं. एकच पत्रिका दोन वाटांनी नेऊन पाहू. एका वाटेवर कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, इनडिझाइन ही कंपन्यांच्या मालकीची सॉफ्टवेअर. दुसरीवर इंकस्केप आणि स्क्रायबस ही मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा अशी.

माथ्यावरच्या 'श्री'पासून सुरुवात करू. माझ्या बहिणीच्या पत्रिकेची जुनी फाइल मी दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा 'श्री'च्या जागी रोमन अक्षरं आणि खुणा दिसल्या. कारण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये फाइलीत मराठी नसतंच. रोमन खुणांवर मराठी आकार चढवलेले असतात. तो फॉन्ट नसला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये 'श्री' म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं साठवली जातात. ती जोडून एक अक्षर घडवणं हे सॉफ्टवेअरचं काम. इंकस्केप आणि स्क्रायबस त्यासाठी 'हार्फबझ' हा मुक्तस्रोत कोड वापरतात. स्क्रायबसच्या १.४ आवृत्तीपर्यंत जोडाक्षरं फुटायची. २०२४ मध्ये आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती नीट जुळतात. इनडिझाइनमध्ये मात्रा-वेलांट्या विस्कटल्या, तर 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय निवडला आहे का ते आधी पाहावं. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइन बनवणाऱ्या ॲडोबीची आजची सॉफ्टवेअरही हार्फबझच वापरतात. मजकुराच्या बाबतीत दोन्ही वाटा आता जवळपास बरोबरीच्या आहेत.

रंगांत मात्र फरक पडतो. पडद्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश असतो. ऑफसेट छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा. कोरल किंवा इलस्ट्रेटरमध्ये सुरुवातीलाच या चार शायांची पद्धत, म्हणजे सीएमवायके, निवडली की काम मार्गी लागतं. इंकस्केपचा पाया एसव्हीजी हा फाइल-प्रकार, म्हणजे पडद्याचे रंग. त्यातला काळा मजकूर छपाईसाठी बदलताना चारही शायांत विभागला जाऊ शकतो. मग एखादी प्लेट केसभर सरकली तरी बारीक मात्रेभोवती रंगीत सावली पडते. उपाय असा: वेलबुट्टीची चौकट इंकस्केपमध्ये काढावी, ती स्क्रायबसमध्ये आणावी, रंगांच्या यादीत तिचे रंग सीएमवायकेत बदलावेत, मजकूर तिथेच लावून त्याला फक्त शंभर टक्के काळी शाई द्यावी. मग छपाईची पीडीएफ काढावी. एक टप्पा वाढतो, हे मान्य करायलाच हवं.

छापखान्यात कोरलचं पारडं जड आहे. मुहूर्ताची वेळ चुकल्याचं आदल्या दिवशी लक्षात आलं, तर तिथला ऑपरेटर कोरल फाइलीत जागेवर दुरुस्ती करतो. आपण पीडीएफ नेली, तर घरी परतून ती पुन्हा काढावी लागते. इंकस्केप बऱ्याच कोरल फाइली उघडतं, पण मजकूर जागचा हलू शकतो.

आता काळाची कसोटी. एसव्हीजी हे २००१ पासूनचं खुलं मानक आहे. पत्रिकेची एसव्हीजी नोटपॅडमध्ये उघडली, तर 'चिरंजीव' हा शब्द जसाच्या तसा वाचता येतो, शेजारी रंगाचा क्रमांकही दिसतो. नव्या कोरलची फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही. ॲडोबीने २०१३ मध्ये केवळ वर्गणीची पद्धत धरली. वर्गणी थांबली की फाइल आपल्याकडे राहते, अवजार हातातून जातं. मुक्तस्रोतात अवजार काढून घेता येत नाही. सोडिपोडी या मुक्तस्रोत प्रकल्पाची दिशा पटेना, तेव्हा चार जणांनी तोच कोड घेऊन २००३ मध्ये इंकस्केप उभं केलं. कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही, कारण परवान्यातच ती मुभा होती.

म्हणून माझं सांगणं असं. रोजच्या रोज छापखान्याशी देवाणघेवाण असेल, तर कोरल घ्यावं, पैसे वाया जात नाहीत. शिकणाऱ्याने, मंडळाने, घरचं काम करणाऱ्याने इंकस्केप-स्क्रायबसपासून सुरुवात करावी. वाट कोणतीही असो, मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. मुक्ता, बालू यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेतच. आणि कर्व्हज करण्याआधी एक प्रत बाजूला ठेवावी, कारण कर्व्हज केलं की अक्षराचं चित्र होतं, मग नावातली वेलांटीसुद्धा टाइप करून सुधारता येत नाही.

बहिणीची पत्रिका मी शेवटी छापील कागदावरून पुन्हा टाइप केली. तिच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ती उघडेन, तेव्हा 'श्री' हा 'श्री'च असेल.