फिल्मच्या कडेला सरस्वतीबाई

नाणेघाटात काढलेला एक रोल मी पुण्यात एका लॅबला धुवायला दिला होता. परत आला तेव्हा दगडी रांजणावरून, शिलालेखाच्या गुहेवरून, थेट जीवधनच्या कड्यापर्यंत एकच ओरखडा आडवा गेलेला. तेव्हापासून कृष्णधवल रोल मी घोडेगावच्या घरीच धुतो. रात्रीची जेवणं उरकली की स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावायची आणि अंधारात चाचपडत फिल्म रिळावर चढवायची. डेव्हलपर डी-७६. लिटरभर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सल्फाइटची चिमूट आधी टाकायची, मग मेटॉल, आणि उरलेलं सल्फाइट त्यानंतर. सगळं सल्फाइट आधी ओतलं तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. पाणी २० अंशांवर हवं. मे महिन्यात घमेल्यात बर्फ, जानेवारीत आधणाचं पाणी थेंबाथेंबाने.

हे करता करता बोटं फिल्मच्या कडेवर फिरतात. कडेची भोकं अंधारातही मोजता येतात. त्या भोकांनीच मला सरस्वतीबाई फाळक्यांपर्यंत नेलं.

त्यांचे पती दादासाहेब फाळके यांची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १९१२च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा ठरवून एप्रिलच्या सुरुवातीला परतले आणि ३ मे १९१३ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मला अडकवलं ते मधल्या महिन्यांनी, दादरच्या घरातल्या रात्रींनी. कोडॅकची कच्ची फिल्म येई ती कोऱ्या कडांची. भोकं घरी पाडायची, त्यासाठी वेगळं यंत्र. ते काम दादासाहेबांनी पत्नीला शिकवलं.

काम केवढं, हे मी कागदावर मांडून पाहिलं. चित्रपट सुमारे ३,७०० फुटांचा. एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार भोकं. म्हणजे फुटाला १२८ आणि सबंध चित्रपटाला ४,७३,६००. यात वाया गेलेली फिल्म धरलेली नाही, पडद्यावर दाखवायच्या प्रतींची तर नाहीच. भोकाची जागा केसभर चुकली की पडद्यावर चित्र थरथरणार. हरिश्चंद्राने स्थिर उभं राहायचं तर आधी बाईंचा हात स्थिर हवा.

त्या काळची फिल्म तांबड्या उजेडाला आंधळी होती, त्यामुळे तांबड्या दिव्याखाली ती हाताळता येई. माझ्या आजच्या फिल्मला तेवढाही उजेड चालत नाही. पण माझा रोल दीड मीटरचा. त्या काळी लांबच लांब पट्टी लाकडी चौकटीला नाहीतर पिंपाला गुंडाळून आधी डेव्हलपरमध्ये, मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत बुडवत आणि मग वाहत्या पाण्यात धूत. हायपो नीट निघाला नाही तर काही वर्षांत चित्र पिवळं पडतं. चित्रीकरणाच्या दिवशी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचा, आणि रात्री रसायनं कालवायला, फिल्म धुवायला पुन्हा उभं राहायचं. हे सगळं सरस्वतीबाई करत.

हरिश्चंद्राची राणी तारामती व्हाल का, असं दादासाहेबांनी त्यांना विचारलं होतं. त्यांनी नकार दिला. पडद्यामागची कामं मग कोण करणार, हा त्यांचा सवाल होता. तारामती झाले हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके. या नकाराची गोष्ट नेहमी गमतीने सांगितली जाते, ते मला पटत नाही. हा कारखान्याच्या फोरमनचा हिशेब होता आणि तो बरोबर होता. दागिने देणारी, संसार सावरणारी पत्नी म्हणून त्यांचं कौतुक भरपूर झालं. भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीच्या लॅबमधली तंत्रज्ञ ही त्यांची खरी ओळख मात्र चरित्रांत दोन-चार ओळींत उरकली जाते.

‘चित्रपट कसे तयार करतात’ या फाळक्यांच्या १९१७च्या लघुपटाचा काही भाग टिकला आहे. त्यात दादासाहेब फिल्मची पट्टी हातात धरून निरखताना दिसतात. तिथे आलो की मी चित्र थांबवतो आणि पट्टीच्या कडा पाहतो.