चोथा टाकू नका : पेरू, जांभूळ आणि द्राक्षांतील बहुशर्करा

पेरूच्या फोडी शिजवून, ते पाणी गाळून साखर व लिंबाच्या रसासह आटवले की निवल्यावर त्याची जेली होते. तिला घट्टपणा देणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. पेक्टिन ही एक बहुशर्करा आहे, म्हणजेच शर्करावर्गीय रेणूंची लांब साखळी. नावात शर्करा असली तरी ती गोड नसते आणि लहान आतड्यात पचत नाही. तिचा उपयोग याच गुणात आहे.

शरीरात काय घडते?

पेक्टिन पाणी शोषून दाटसर होते. त्यामुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश मिसळते. काही पित्ताम्ले त्यात अडकून शौचावाटे बाहेर पडतात व कोलेस्टेरॉल काही अंशी घटण्यास साहाय्य होते. मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे ते अन्न आहे.

आपल्या परिसरातील फळे

वनस्पतिशास्त्रानुसार पेरू, जांभूळ, द्राक्ष व करवंद ही मृदुफळे, म्हणजेच बेरी होत. बंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेने विकसित केलेला मऊ बियांचा ‘अर्का मृदुला’ पेरू वृद्धांनाही चावण्यास सुलभ आहे. ‘बंगळूर ब्लू’ द्राक्षांचा रस गाळताना साल व चोथा टाकला जातो आणि त्यासोबत बहुतांश तंतुमय पदार्थही जातात. म्हणून फळ स्वच्छ धुऊन, शक्य तेथे सालीसह, चावून खावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी दररोज किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या आणि 25 ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ घ्यावेत.

ही दक्षता घ्या

• जांभळाच्या बियांची पूड अथवा कोणताही अर्क मधुमेहाच्या औषधाला पर्याय नाही. रक्तातील साखर वाढली तरी ते अनेकदा जाणवत नाही. म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका.
• मधुमेह असल्यास फळांचे प्रमाण डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा. जेली व जॅममध्ये साखर पुष्कळ असते.
• मूत्रपिंडाचा विकार असल्यास पेरू खाण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्या; त्यात पोटॅशियम अधिक असते.
• तंतुमय पदार्थांची पूड काही औषधांच्या शोषणात अडथळा आणते. थायरॉइडची गोळी घेत असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.
• पाच वर्षांखालील बालकांना अख्खे द्राक्ष देऊ नका, ते घशात अडकू शकते. उभे चार तुकडे करूनच द्या.

आपण घरी घेत असलेली पूड, काढा वा रस यांची माहिती पुढील तपासणीच्या वेळी डॉक्टरांना किंवा परिचारिकेला अवश्य द्या.